कॅनची चोच

३ एप्रिल

या वहीची सुरुवात शिव्यांनी करणार होतो, पण वही हिच्या हाती लागू शकते म्हणून सभ्य भाषेत लिहितो. पेट्रोलच्या कॅनला लावायची ही नवी नळी ज्या माणसाने शोधून काढली, त्याने ती स्वतः एकदाही वापरलेली नाही.

कंपनी तिला सेफ्टी नोझल म्हणते. मी चोच म्हणतो. कॅन उचलायचा, तिरपा करायचा, चोचीचा आकडा मशीनच्या टाकीच्या तोंडाला अडकवायचा. अंगठ्याने एक हिरवं बटण दाबायचं, ते दाबलेलं ठेवूनच सगळा कॅन पुढे रेटायचा, मग आतली स्प्रिंग मागे सरकते आणि पेट्रोल यायला लागतं. अंगठा जरा हलला की बंद. परत दाबलं की इतका वेळ दबून राहिलेलं पेट्रोल एकदम भसकन बाहेर. आज ते बुटावर, पायमोज्यात, मशीनच्या पात्यावर आणि कोपरापर्यंत हातावर सांडलं. टाकीत किती गेलं ते टाकीलाच ठाऊक. आणि या वस्तूच्या पाकिटावर लिहिलंय की एक थेंबही सांडणार नाही.

इतकी वर्षं क्लबच्या मैदानाचं गवत मीच कापत आलो. पगारी नोकर होतो तोवर पेट्रोलची चिंता नव्हती. आवारात पिंप होतं, त्याला हातपंप होता, मशीन पंपाखाली उभं केलं की झालं. आता क्लबने मला निवृत्त केलं आणि तेच काम मलाच कंत्राटावर दिलं. पिंप काढून टाकलं. मशीन माझं, पेट्रोल माझं, कॅन माझा. मे महिन्याच्या सुरुवातीला सामने आहेत. तेव्हा मैदान कसं दिसतं ते बघून समिती ठरवणार, वर्षभराचं काम मला द्यायचं की बॅटरीच्या मशीनवाल्या कंपनीला. सेक्रेटरीने हे मला चहा पिता पिता सांगितलं, हवापाण्याच्या गप्पा माराव्यात तसं.

मैदान गेलं तर मी दिवसभर काय करणार, हे मला माहीत नाही. हिलाही माहीत नाही, आणि तिला त्याची जास्त भीती वाटत असावी.

माझ्याकडे पूर्वी पत्र्याचा कॅन होता, लांब मानेचा. बटण नाही, स्प्रिंग नाही. मान वाकवली की धार लागायची. तो हिने गेल्या उन्हाळ्यात भंगारवाल्याला दिला. बूड गळत होतं म्हणते. बूड गळत होतं, मान तर शाबूत होती.

४ एप्रिल

हिने दारातच अडवलं. कपडे बाहेरच काढा म्हणाली, बूटही. शेजारीण जिन्यावरून बघत होती. कसा काय संसार करतात लोक, असा तिचा चेहरा.

ही म्हणते उशीला वास येतो, टॉवेलला येतो, चहाच्या कपाच्या कानाला येतो. मी कप नाकाशी धरून पाहिला. काही नाही. बायकांची नाकं तिखट असतात हे मान्य, पण आजकालच्या पेट्रोलला वास असतोच कुठे? पूर्वी झाकण उघडलं की डोकं गरगरायचं. आता काय मिसळतात देव जाणे. ओतताना पाणी ओतल्यासारखं वाटतं.

७ एप्रिल

हार्डवेअरच्या दुकानात चोच बदलून मागितली. साधी नळी द्या, बटण नको, स्प्रिंग नको, असं तीनतीनदा सांगितलं. काउंटरवरचा म्हणाला साधी नळी विकायला बंदी आहे. मग त्याने रिकामा कॅन काउंटरवर घेतला आणि एका हाताने चोच दाबून दाखवली. टकटक, टकटक, लायटर खेळवावा तशी. माझ्या मागे उभ्या असलेल्या आजीबाईंनीही दाबून पाहिली आणि सोपं आहे की हो, म्हणाल्या. रिकाम्या कॅनवर कोणीही शूर होतो.

तरी त्याने दुसरी चोच दिली, बटण लाल. घरी येऊन पाहिलं तर वायसर नाही. परत गेलो. वायसर मिळालं. परत घरी. आटे जुळेनात. या एका प्लॅस्टिकच्या तुकड्यापायी माझी अख्खी दुपार गेली. ज्या रस्त्याला एरवी मी भाजीच्या पिशव्या घेऊन सहज जातो, तोच आज संपता संपेना.

लाल बटणही तितकंच हलकट निघालं.

१० एप्रिल

परवा मेहुणा आला होता. हिचा धाकटा भाऊ. मी त्याला मनातल्या मनात कॅटलॉग म्हणतो, कारण जगातल्या कुठल्याही दुःखावर त्याच्या फोनमध्ये एक वस्तू विकायला असते. म्हणाला, “भाऊजी, तुम्ही उगाच दुकानं पालथी घालता. बसल्या जागी मागवू.” मग सोफ्यावर लोळत त्याने चार प्रकारच्या चोचा मागवल्या. प्रत्येकीला म्हणे लोकांनी पाच-पाच तारे दिलेत.

आज पुडकी आली. आधी ती पुडकी फोडण्यातच जीव गेला. त्या कडक पारदर्शक प्लॅस्टिकला ना टोक, ना तोंड. बोटांनी फाडायला गेलो, बोटं घसरत राहिली. कात्री धरली, ती हातात फिरली. शेवटी दातांनी फाडलं. ओठ कापला. ही बघत उभी होती, मग राहिलेली तीन तिने माझ्यासमोरून उचलली आणि ओट्याशी जाऊन फोडून आणली.

एक चोच इतकी मऊ की कॅन तिरपा केला की मान टाकते. एकीला आत जाळी आहे, तिच्यातून पेट्रोल रांगेत उभं राहिल्यासारखं एकेक थेंब येतं. तिसरीला दोन बटणं. दोन. माणसाला एका कॅनसाठी किती हात असावेत, अशी यांची अपेक्षा आहे? चौथी पिवळी, तिचं वायसर फाटकं असावं, कारण सगळं पेट्रोल आट्यांतून माझ्या मनगटावरून बाहीत गेलं.

ते पाच तारे देणारे लोक मला एकदा भेटायला हवेत.

१३ एप्रिल

आज मेहुण्याची गाडी घेऊन पंपावर गेलो, दोन कॅन भरून आणायला. मागच्या सीटवर कॅन, पुढे आम्ही दोघं. परतताना अर्ध्या वाटेत त्याने सगळ्या काचा खाली केल्या. मग खोकला. मग एकदम गाडी कडेला घेतली, दार उघडलं आणि रस्त्यावरच ओकला. चेहरा पांढराफटक. चोचीचं झाकण नीट बसलं नव्हतं, अर्धा कॅन त्याच्या सीटमध्ये मुरला होता.

मला वाटलं हा नाटकं करतोय. मी त्याला सांगितलं, इतकं काय, खिडकी उघडी आहे की. तो माझ्याकडे बघत राहिला. रागावला असता तर बरं वाटलं असतं, पण तो रागावलेला नव्हता.

“भाऊजी,” तो म्हणाला, “तुम्हाला खरंच काही होत नाहीये?”

मी म्हटलं आमच्या पिढीची छाती मजबूत. तो उरलेल्या वाटेवर डोकं बाहेर काढून गाडी चालवत होता, कुत्री बसतात तसा. घरी सोडताना तो खालीच हिच्याशी बराच वेळ बोलला. मला वाटतं, सीट धुऊन कोण देणार यावर बोलणी चालली असतील.

१५ एप्रिल

वाईट दिवस.

पूर्वेच्या गोलपोस्टसमोर गवतावर पिवळे डाग पडलेत. ताटाएवढे, एक मोठा, बाकीचे त्याची पिल्लं. बोटाने गवत ओढलं तर मुळासकट हातात आलं. पेट्रोलने जळलं की असंच जळतं. तिथे आता सहा आठवडे काही उगवणार नाही. सामने त्याच्या आत आहेत.

मैदानावर काम करणाऱ्या कुठल्याही माणसाला हे शिकवावं लागत नाही की मशीन गवतावर भरायचं नसतं. कितीही घाई असो, ते ढकलत कोठीपुढच्या सिमेंटवर आणायचं आणि तिथे भरायचं. मी स्वतः दोन नवख्यांना यावरून हाकलायला निघालो होतो. आणि मीच गेल्या आठवड्यात मशीन गोलपोस्टपाशी बंद पडलं तेव्हा ते परत आणायचं सोडून कॅन तिकडे घेऊन गेलो. मशीन हल्ली ढकलायला जड जातं. चाकांना ग्रीस हवंय.

सेक्रेटरीने डाग पाहिले. कुत्र्यांचा उपद्रव का, असं विचारलं. मी खरं सांगितलं, चोच गळते म्हणून. तो म्हणाला, “काका, तुम्ही नळीचं काय ते बघून घ्या. मला समितीला मैदान दाखवायचंय, नळी नाही.”

दुपारी बॅटरीवाला आला होता. पांढरे बूट घालून मैदानाच्या कडेने मोजपट्टी ओढत हिंडला. त्याच्या मशीनला पेट्रोल लागत नाही, म्हणजे चोचही लागत नाही. हात धुतलेले, नखं स्वच्छ, अंगावर एक डाग नाही. माझ्याशी आदराने बोलला, गवताची जात विचारली, निचरा कसा होतो ते विचारलं. मला त्याची किळस आली. मग घरी येताना स्वतःच्या बाह्यांकडे पाहिलं आणि ती किळस कुठे ठेवावी ते कळेना.

१८ एप्रिल

चोचा गेल्या खड्ड्यात. नरसाळं आणलं. पत्र्याचं, रुंद तोंडाचं. कॅनची चोच काढून टाकली आणि उघड्या तोंडातून सरळ नरसाळ्यात ओतायचं ठरवलं. डाव्या हातात नरसाळं, उजव्या हातात कॅन. नरसाळं स्थिर, कॅन नाचतोय. जितका आवरावा तितका जास्त. अर्धं पेट्रोल सिमेंटवर. निदान सिमेंटवर तरी.

ही म्हणाली डॉक्टरांकडे जाऊन या, तुमचा तो उजवा हात चालताना हलत नाही, शर्टात हँगर राहिल्यासारखा लटकतो. मी म्हटलं दिवसभर कॅन उचलल्यावर कोणाचा हात हलेल? ती म्हणाली कॅन आता आले, हात हिवाळ्यापासून तसाच आहे. बायकोशी वाद घालताना तारखा काढू देऊ नयेत.

तिने मागे उभं राहून ही वहीही पाहिली. वाचलं नाही म्हणते, नुसतं पाहिलं. अक्षर किती बारीक झालंय म्हणाली, मुंग्यांची रांग जशी. मी कागद वाचवतो, त्यात काय?

कोपऱ्यातल्या खोक्यात आता सगळ्या टाकलेल्या चोचा जमल्यात. हिरवी, लाल, पिवळी, काळ्या. एकमेकींत माना अडकवून पडलेली मेलेली पाखरं. त्यांच्याकडे पाहिलं की शिसारी येते. फेकतही नाही. कंपन्यांना एकदा सगळ्या परत पाठवून सविस्तर पत्र लिहिणार आहे.

२१ एप्रिल

आज काय झालं ते जसं झालं तसं लिहितो.

सकाळी मैदानाच्या पायऱ्यांखालच्या कोठीत बसलो होतो. तिथे मशीन असतं, कॅन असतो, एक स्टूल आणि माझी विजेची किटली. वारा होता म्हणून दार लोटून घेतलं होतं. मशीनचं पातं पुसलं, मग चहा करावा म्हणून किटलीत पाणी घातलं. प्लग हातात घेतला. तेवढ्यात दार उघडून सेक्रेटरी आला. आला म्हणजे आत पाऊलही टाकलं नाही. दारातच त्याने नाकावर बाही धरली आणि ओरडला की बटणाला हात लावू नका.

मी बटणाला हात लावला नव्हता. प्लग हातात होता. तो त्याने आत झेपावून माझ्या हातातून हिसकावून घेतला आणि मला दंडाला धरून बाहेर ओढलं. मग मला दिसलं. कॅन मशीनच्या मागे आडवा पडला होता आणि भिंतीपासून माझ्या स्टुलापर्यंत सगळी जमीन ओली होती. माझ्या बुटांखालीही. मला वाटलं होतं की फरशी पुसून गेलंय कोणीतरी.

सेक्रेटरीचे हात थरथरत होते. माझे नव्हते, हे मुद्दाम लिहून ठेवतो.

“काका, अख्ख्या आवारात वास सुटलाय. फाटकापासून येतोय. तुम्हाला आला नाही?”

मी म्हटलं रोजचंच आहे, सवय झाली. दार उघडं टाकून आम्ही दोघं बाहेर उन्हात उभे राहिलो, खोली सुकेपर्यंत. त्याने सांगितलं की सामन्यांच्या आधीच्या शेवटच्या कापणीला तो बॅटरीवाल्यालाही बोलावणार आहे, अर्धं मैदान तो कापेल, अर्धं मी. मग समिती बघेल. मला आज काढून टाकलं असतं तरी मी काय बोलणार होतो?

झाकण मी लावलं होतं. घट्ट लावलं होतं. मला आठवतंय.

२२ एप्रिल

कामाला गेलो नाही. ही बाजारात गेली तेव्हा स्वयंपाकघरात जाऊन डोळे मिटले आणि हाताला लागेल ते नाकाशी धरलं. कांदा कापला. डोळ्यांतून पाणी आलं, वास नाही. साबण, नवीन वडी, कागदासकट. नाही. बुटाच्या पॉलिशची डबी. नाही. हिची अत्तराची बाटली उघडली आणि थोडं तळहातावर ओतलं. थंड वाटलं, बस्.

सर्दी असणार. पण सर्दी नाही. नाक कोरडं आहे, श्वास मोकळा आहे. नाकातून हवा येते-जाते, तिच्यात काही नसतं.

कधीपासून हे आठवायला बसलो. आठवेना. वास गेला तेव्हा काही आवाज झाला नाही.

ही परत आली आणि दारातच थबकली. म्हणाली आज अत्तर कशाला लावलंत? मी म्हटलं पेट्रोलला उतारा म्हणून. ती हसली नाही.

चोच मात्र खराबच आहे. वास गेला म्हणून चोच चांगली होत नाही. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत.

२४ एप्रिल

ही आज माझ्याबरोबर मैदानावर आली. इतक्या वर्षांत एकदाही आली नव्हती. डबा विसरलात म्हणून येते, असं निघताना म्हणाली आणि डबा तिच्याच हातात होता.

कापणीची तालीम करायची होती. मशीन सिमेंटवर आणलं, कॅन उचलला. हिरवी चोच लावली होती, पहिलीच, कारण निदान तिच्या खोड्या मला पाठ आहेत. आकडा टाकीला अडकवला, अंगठा बटणावर ठेवला. दाबलं. दाबलं म्हणजे दाबायला सांगितलं. अंगठा उशिरा निघाला. मग दबला तो दबून राहीना, फडफडायला लागला आणि कॅन टाकीवर खडखड वाजायला लागला. पेट्रोल टाकीच्या पाठीवरून वाहत गेलं.

ही पुढे आली. पदर खोचला, मला कोपराने बाजूला केलं आणि माझ्या हातातून कॅन घेतला. चोच कशी उघडते ते तिला ठाऊक नव्हतं. तिने ती जरा उलटसुलट पाहिली, बटण दाबून बघितलं, आकडा अडकवला, कॅन पुढे रेटला. आत पेट्रोल पडल्याचा आवाज आला. टाकी भरली, तिने कॅन सरळ केला, झाकण लावलं. जमिनीवर थेंब नाही. हातावर थेंब नाही. नाक मुरडून हात धुवायला गेली.

मी मशीन चालू केलं आणि चालत राहिलो. मशीनच्या दांड्याला धरलं की माझा हात शहाण्यासारखा वागतो. गवतावरचे पट्टे सरळ पडले.

संध्याकाळी मी तिला म्हटलं की ती चोच वापरून वापरून सैल झाली असावी. नशीब म्हणायचं. बाकीच्या खरोखर भंगार आहेत, त्या कोणाच्याच बापाला जमणार नाहीत. ती म्हणाली, बरं.

२५ एप्रिल

चोचांचं खोकं मीच काढलं. सिद्ध करून दाखवायचं होतं. कॅन धुऊन त्यात पाणी भरलं, न्हाणीघरात टब ठेवला, टबात बादली. बादलीच्या बाहेर पडलेलं पाणी म्हणजे सांडलेलं पेट्रोल. नियम मी घालून दिले. ही दुपारची आवराआवर झाल्यावर पाट घेऊन बसली.

लाल लावली. तिने ओतलं. बादलीत.

मऊ मानेची लावली. तिने मानेला डाव्या हाताचा टेकू दिला आणि ओतलं. बादलीत. मी म्हटलं टेकू चालणार नाही. टेकू न देता ओतलं. तेही बादलीत, जरा उशीर लागला इतकंच.

जाळीची. बादलीत. या चोचीला जास्त वेळ लागतो, कामाची नाही, मी म्हटलं. सांडत नाही पण, ती म्हणाली.

दोन बटणांची. तिने दोन्ही एकाच बोटाने दाबली. असं करता येतं हे पाकिटावर लिहिलेलं नव्हतं, किंवा असेल. मी पाकीट दातांनी फाडलं होतं.

मी एकेक चोच काढून द्यायचो, ती लावायची, ओतायची, काढून माझ्या हातात द्यायची. टबाचा तळ कोरडा होता. मी त्या तळाकडेच बघत होतो. कुठूनतरी एक थेंब पडावा म्हणून मी इतक्या आशेने कशाचीही वाट पाहिलेली नाही. मैदानाच्या कामाचीही नाही. एक जरी चोच खराब निघाली तर बाकीचं सगळं जसंच्या तसं राहील, असं मला त्या वेळी वाटत होतं. वेडगळ होतं. पण वाटत होतं.

पिवळी शेवटची. फाटक्या वायसरची. ती तिने लावली. वायसर फाटकं नव्हतं, मी आता जवळून पाहिलं, नुसतं वाकडं बसलं होतं आणि तिने ते बोटाने सरळ केलं होतं. तिने कॅन तिरपा केला. पाणी आलं, छान धार, बादलीत. मग तिने माझ्याकडे पाहिलं. किती वेळ पाहिलं ते माहीत नाही. मग मनगट जरासं वळवलं. धार बादलीच्या काठावरून टबात गेली, तिच्या पायावर उडाली, फरशीवर पसरली.

“ही मात्र खरंच खराब आहे हो,” ती म्हणाली. “हिच्यामुळेच झालं सगळं.”

मी तिचं मनगट वळताना पाहिलं होतं. मी हो म्हटलं. फडकं आणून मी फरशी पुसली. ती पाटावरच बसून राहिली, कॅन मांडीवर घेऊन, आणि नळाकडे तोंड करून नाक पुसत होती.

२८ एप्रिल

शेवटची कापणी झाली. मैदान मध्ये दोरी बांधून वाटलं होतं. पश्चिमेचा अर्धा बॅटरीवाल्याचा, पूर्वेचा माझा, पिवळ्या डागांसकट. त्याचं मशीन शिवणयंत्रासारखं कुरकुरत गेलं. माझं नेहमीसारखं गुरगुरलं. ही कॅन घेऊन आली होती, टाकी तिने भरली.

सेक्रेटरी दोन्ही अर्ध्यांवरून फिरून आमच्याकडे आला. कोठीत डोकावला, वास घेतला, जमीन पाहिली. नळीचं काय निघालं शेवटी, असं विचारलं. मी तोंड उघडायच्या आत ही म्हणाली एक पिवळी नळी होती, ती खराब निघाली, आता टाकून दिली.

छान उत्तर होतं. त्यावर तो मान हलवून पुढे गेला असता. मी पाहिलं, तो वळलाही होता.

मी म्हटलं, “नळ्या सगळ्या चांगल्या होत्या.”

तो थांबला. ही जमिनीकडे बघायला लागली. मग बाकीचं बोलावंच लागलं. माझा अंगठा बटणावर टिकत नाही. वास मला येत नाही, कशाचाच, कधीपासून ते मलाही सांगता येणार नाही. डॉक्टरांची वेळ सामन्यांनंतरच्या सोमवारी घेतली आहे. गवत मला कापता येतं, ते समोर आहे, बघून घ्या. हे बोलताना मला स्वतःच्या आवाजाची किळस येत होती, दुकानात तक्रार करायला उभा राहिलेला माणूस वाटत होतो. फक्त या वेळी बदलून मागायला काही नव्हतं.

सेक्रेटरीने बराच वेळ पट्ट्यांकडे पाहिलं. माझे पट्टे पश्चिमेकडच्यांपेक्षा सरळ होते. हे मी म्हणत नाही, बॅटरीवाला स्वतः कडेला उभा राहून म्हणाला आणि मला त्याचा रागही आला नाही.

“मग कॅन कोण उचलणार?” सेक्रेटरीने विचारलं.

“मी,” ही म्हणाली. “माझंही नाव लिहा त्या कंत्राटाच्या कागदावर.”

त्याने लगेच काही कबूल केलं नाही. कॅनला तुम्ही हात लावायचा नाही, म्हणाला. किटली घरी न्यायची. डॉक्टर काय म्हणतात ते लेखी आणायचं, मग तो समितीपुढे ठेवणार. बॅटरीवाल्याच्या दराचा कागद त्याने खिशातच ठेवला, फाडला नाही. तो गेला. दोरी सोडायची राहिली होती, ती हिने सोडली, माझ्याने गाठ सुटत नव्हती.

दोरी गुंडाळता गुंडाळता ती मैदानाच्या मधोमध थांबली आणि तिने मोठा श्वास घेतला.

“काय छान वास सुटलाय कापल्याचा,” ती म्हणाली आणि लगेच ओठ मिटले.

मी तिला सांगितलं, बोल. मी इतकी वर्षं रोज गवत कापत आलो, त्याचा वास येत नाही हे या मिनिटापर्यंत माझ्या ध्यानातही आलं नव्हतं. कसा येतो, मी विचारलं. ती म्हणाली तुम्हाला का मी सांगायचा? मी म्हटलं हो, तूच.

ती विचार करत राहिली. हे सोपं नसतं, करून बघावं कोणी.

“काकडी सोलल्यासारखा,” ती म्हणाली. “आणि जरा ओला. आणि वरून पेट्रोल. ते माझ्या हाताचं आहे, शी.”